होर्डिंगवरची बाई

"अगं, तसा नाही! रोज धरतेस तसा धर!"

मॅडम ओरडत होत्या. जुन्या हवेलीच्या पायऱ्यांवर, भल्या सकाळी, इतक्या जोरात की चारमिनारवरची कबुतरं उडाली ती थेट गोवळकोंड्यावर जाऊन बसली. माझ्या हातात झाडू. अंगावर कुणाची तरी विटकी हिरवी साडी. समोर कॅमेरा, पांढऱ्या छत्र्या, लाइटवाली पोरं.

रोज, म्हणाल्या त्या.

मी टुरिझमच्या एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, आणि त्या सकाळपर्यंत मी जन्मात झाडू धरला नव्हता. ह्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. मी गोष्टीत हवा भरते हे आमच्या अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. कबुतरांचं सोडा, ती मीच उडवली. झाडूचं खरं आहे.

आमच्या घराचा कायदाच तसा. माय दिलसुखनगरला एका कोचिंग क्लासच्या इमारतीचे जिने झाडायची. वर इंजिनिअर घडायचे आणि त्यांच्या चपलांची माती खाली मायच्या सुपलीत पडायची. माझ्या बारशाच्या दिवशीच तिनं बाबांना सांगून टाकलं, "ह्या पोरीच्या हाताला झाडू लागला तर मी घर सोडून जाईन." तेव्हापासून आमचं घर बाबा झाडतात. सिकंदराबादला रेल्वेच्या इंजिन शेडच्या हापिसात शिपाई माणूस, पण ड्युटीवर जायच्या आधी लुंगी खोचून असा झाडतो की मुंग्या बिचाऱ्या वाट चुकतात. नांदेडहून आत्या आली, तोंडाला पदर लावून हसली. "दादाला बाईल केलं गं वैनीनं!" बाबा म्हणाले, "पाय वर घे गं," आणि तिच्या पायाखालचं झाडून पुढं गेले. एकदा पाल मारायला मी झाडूकडे नुसता हात नेला, तर माय अशी किंचाळली की पाल जाग्यावर गेली.

तर त्या पायऱ्यांवर मी झाडू धरला तो माइक धरावा तसा. दांडीला, सरळ, छातीपाशी.

फोटोग्राफर खाजाभाई कॅमेऱ्यामागून डोकं काढून म्हणाले, "मॅडम, इस बच्ची को पकडनाच नै आता."

"नाटक करतेय ती," मॅडम म्हणाल्या. "ह्यांना येत नाही?"

ह्यांना. मी एकटी उभी होते त्या पायऱ्यांवर. तरी ह्यांना. त्या एका शब्दात माय आली, तिची माय आली, गावाकडची अख्खी आळी येऊन माझ्या मागं रांगेत उभी राहिली.

ही मॅडम कोण, ते सांगते. पर्यटनाची प्रसिद्धी करणाऱ्या एका कंपनीच्या मालकीण. काचेच्या इमारतीत ऑफिस. कॉलेजनं मला तिथं तीन महिन्यांच्या प्लेसमेंटला पाठवलं होतं. प्रेस नोटा लिहायच्या, प्रवासवर्णनं लिहिणारे पाहुणे आले की त्यांना बिर्याणी खिलवून चांगलं लिहायला लावायचं, फोटोखाली ओळी लिहायच्या. ह्या कामाला मी जन्मले होते. साध्या पाण्याच्या टाकीचं मी असं वर्णन केलं असतं की लंडनहून लोक विमानं भरून आले असते.

पहिल्या दिवशी मॅडम खूश झाल्या. "अय्या, मराठी! आम्ही चार पिढ्या इथं. पणजोबा वकील होते, निजामाच्या काळात. तुम्ही कुठले?"

"नांदेडकडचे, मॅडम."

"नांदेडचे कोण? आडनाव काय?"

आडनाव सांगितलं. मॅडमचं हसू तसंच राहिलं. खुर्ची तेवढी थोडी मागं सरकली, आणि त्यानंतर 'तुम्ही'चं 'तू' झालं.

तरी मी काम केलं. जुन्या हवेल्यांमध्ये पर्यटकांनी मुक्कामाला यावं म्हणून मोठी मोहीम निघणार होती. तिची इंग्रजी ओळ मी लिहिली. मराठीत सांगायचं तर, 'इथली पहाट तुम्हाला नावानं ओळखते.' मॅडमना ती इतकी आवडली की त्यांनी ती स्वतःच्या नावावर क्लायंटला पाठवली. मी जाऊ दिलं. ओळी काय, माझ्याकडे पोतंभर होत्या.

मग ती सकाळ. झाडणारी म्हणून ठरवलेली मॉडेल आलीच नाही. मॅडमची नजर सगळ्यांवरून फिरली. शाल्मली होती तिथं, त्यांची भाची, माझ्याच वर्गातली, माझ्यासारखीच प्लेसमेंटला आलेली. ती रेशमी कुर्ता घालून झोपाळ्यावर बसली होती. जाहिरातीत हवेलीतली पाहुणी ती. नजर तिच्यावरून पुढं सरकली आणि माझ्यावर येऊन थांबली.

"तू चालशील. तुझ्या चेहऱ्यात मातीचा फील आहे."

मी खरंच चपलांकडे पाहिलं.

"मॅडम, मी... दुसरं कुणी नाही का?"

"कंप्लिशन लेटर माझ्या सहीनं जातं, लक्षात आहे ना?"

लक्षात होतं. त्या पत्राशिवाय डिग्री नाही. आमच्या खानदानात पहिली एम.ए. मी होणार होते. बाबांनी शेडमधल्या सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. इंजिनांनासुद्धा सांगितलं असेल. मी साडी गुंडाळली. वाकले. खाजाभाईंनी बटण दाबलं. दाबताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

घरी मी काहीच बोलले नाही.

होर्डिंग लागलं नामपल्ली स्टेशनसमोर. उंची विचारू नका. माझ्या नाकात एक ऑटो आरामात पार्क झाला असता. पण ते नाक माझं असून माझं नव्हतं. त्यांनी कॉम्प्युटरवर मला काळं केलं होतं. गाल आत नेले होते. डोळ्यांखाली रेघा ओढल्या होत्या. मागं झोपाळ्यावर शाल्मली, गोरीपान, हसरी. पुढं मी, कमरेत वाकलेली. आणि माझ्या वाकलेल्या पाठीखाली माझीच ओळ. पहाट सगळ्यांना नावानं ओळखत होती. त्या बाईला नाव नव्हतं.

मग ती बाई माझ्या मागं लागली.

बसच्या पाठीवर ती. मेट्रोच्या खांबावर ती. इथल्या पोरी स्कूटीवर तोंडाला स्कार्फ बांधतात, तसा मी पायी चालतानाही बांधायला लागले. एका इराणी हॉटेलात चहा पिताना स्कार्फ खाली केला, तर बाजूच्या टेबलावरचा मित्राला म्हणाला, "अरे, ये वोइच झाडूवाली पोट्टी है ना?" मी चहा अर्धा टाकून उठले. हे बघा, मला शिवी दिली असती तर मी दोन परत दिल्या असत्या. पण तो शिवी देत नव्हता. ओळखत होता.

आणि आवाज. खर्र, खर्र. मी चालले की मागं कुणीतरी झाडत यायचं. लायब्ररीत पुस्तक उघडलं की दोन कपाटांपलीकडे, खर्र. मागं वळून पाहावं तर कुणी नाही. सकाळी बाबा घर झाडायला लागले की मी उशी कानांवर दाबायची. बाबांना वाटायचं, पोर थकली. ते हळू झाडायचे. हळू तर जास्तच ऐकू यायचं. भुताच्या गोष्टी मी गल्लीतल्या पोरांना इतक्या सांगितल्यात की अर्धी पोरं अजून एकटी संडासला जात नाहीत. पण माझं स्वतःचं भूत असं दिवसाढवळ्या, रंगीत, सरकारी परवान्यानं फिरेल असं मला वाटलं नव्हतं.

मग एक दिवस माय नामपल्लीला गेली, मावशीला गाडीत बसवायला. परत आली ती चपला न काढता दारातच बसली. पाणी दिलं. प्यायली नाही.

"माजा फोटू कुनी काडला गं?" ती म्हणाली.

मला कळेना.

"टेशनाम्होरं लावलाय की येवढा थोरला. मी झाडतेय. कवा काडला आसंल? मला कळलंबी न्हाई. तसली हिरवी साडी व्हती माजी." तिनं स्वतःच्या हातांकडे बघितलं. "समदी दुनिया बघतीय, बाई."

मी थापा मारण्यात पटाईत. मास्तरांना, टीसीला, वाणसामानवाल्या शेठला, सगळ्यांना गुंडाळलंय मी. त्या दिवशी खरं तेच बोलले.

"ती तू नाहीस, माय. मी आहे."

माय ओरडली नाही. रडली नाही. तिनं उठून माझं मनगट धरलं, मोरीवर नेलं, आणि माझे हात धुतले. दोन्ही. साबण लावून, बोटांच्या बेचक्यांतून, लहान पोराचे धुवावेत तसे. तांब्यावर तांब्या ओतत राहिली.  

त्या मोरीवर माझ्यातलं काहीतरी ताठ झालं. ते अजून वाकलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात मोहिमेचा मोठा कार्यक्रम होता, हॉटेलच्या हॉलमध्ये. ट्रॅव्हल कंपन्या, पत्रकार, फुलं. मॅडमची नवी कल्पना अशी की दारात शाल्मलीनं पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडायचं आणि मी तीच साडी नेसून, तोच झाडू घेऊन पोस्टरशेजारी उभं राहायचं. लोक सेल्फी काढतील म्हणे. होर्डिंगमधली बाई जिवंत!

मी शर्ट-पँट घालून गेले. केस बांधलेले, स्कार्फ नाही.

"साडी कुठाय?" मॅडमनी दात आवळून विचारलं. "जा, आत ठेवलाय झाडू. पाहुणे यायला लागलेत."

मी आत गेले नाही. स्टेजवर गेले. निवेदकाच्या हातातून माइक घेतला. तो माझ्या हातात नीट बसला.

"हा फोटो माझा आहे," मी म्हणाले. इंग्रजीत म्हणाले, मग इथल्या दखनी बोलीत, मग मराठीत, कुणी सुटू नये म्हणून. "मला काळं करून लावलाय. माझ्या आईनं मला कधी झाडू धरू दिला नाही. ह्यांनी धरायला लावला, माझी डिग्री अडवायची भीती घालून. हा उतरवा."

"माइक बंद करा! बंद करा तिचा माइक!"

माइक बंद झाला. मला आमच्या गल्लीतसुद्धा माइक लागत नाही. "उतरवा," मी म्हणाले. शेवटच्या रांगेतल्या माणसाच्या कपातला चहा हिंदकळला. शाल्मली गुलाबदाणी धरून जमिनीकडे बघत होती. खाजाभाईंनी कॅमेरा गळ्यातून काढून टेबलावर ठेवला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मीही थांबले नाही.

पत्र आलं नाही. कॉलेजनं सांगितलं, प्लेसमेंट पुढच्या वर्षी पुन्हा. बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "पुढल्या साली तर पुढल्या साली," आणि टिफिन घेऊन ड्युटीवर गेले. काही पत्रकारांनी मॅडमना फोन केले असावेत, कारण होर्डिंग उतरलं. नामपल्लीला आता नुसता लोखंडी सांगाडा आहे आणि त्यातून आभाळ दिसतं. पण ती बाई गेली असं समजू नका. खर्र, खर्र अजून येतंच मागून. फरक एवढाच, की मी आता थांबते, तिला गाठू देते आणि मग चालायला लागते.

मॅडमचा फोन नंतर आला. आवाज थंडगार.

"उतरवला तुझा फोटो. झालं समाधान? मोहीम थांबत नसते. दुसरी मुलगी मिळेल मला. तुमच्यात काय मुलींची कमी आहे?"

"मग तुमचा झाडू पोचायच्या आधी मी तिच्याकडे जाईन, मॅडम," मी म्हणाले.