मुलांच्या सभेत माझं नाव

जानेवारीत सानूचा वाढदिवस होता. मी तिला नेहमीप्रमाणे पोस्टकार्ड पाठवलं. दुसरीच्या फळ्यावर काढायचे तसं ठळक, सुटं अक्षर काढून चार ओळी लिहिल्या. आठवड्याने तिचा फोन आला. "आजी, तुझं पत्र आलं. आईचं काम उरकलं की ती वाचून दाखवणार हाय."

ती खुशीत होती. मी मात्र फोन ठेवून तशीच बसून राहिले. सानू माझी नात, नुकतीच नऊ वर्षांची झाली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं पहिली-दुसरीचे वर्ग घेतले. तालुक्यात माझ्या वर्गाचं वाचन दाखवायला दुसऱ्या शाळांतल्या बाईंना आणून बसवायचे. आणि माझ्याच नातीला चार ओळी वाचता येत नव्हत्या.

माझी मुलगी स्नेहल आणि जावई अभय चार वर्षांपूर्वी पुण्यातल्या नोकऱ्या सोडून वडूजजवळच्या एका माळावर राहायला गेले. सहा कुटुंबं मिळून शेती करतात, स्वयंपाक एकत्र होतो आणि मुलांना शाळेत घालत नाहीत. मुलं मनाने शिकतात, असं त्यांचं म्हणणं. आमचे हे दोनदा जाऊन आले. मी रुसले होते, म्हणून गेले नव्हते. त्या फोननंतर मात्र मी बॅग भरली. यांनी एवढंच सांगितलं, की तिथं जाऊन कुणाला शिकवायला बसू नकोस. मी मान डोलावली.

तुमच्यापैकी कुणाला तिकडे जायचं असेल तर वाट सांगते. सांगलीहून तासगावमार्गे विट्याला एसटी आहे, सकाळची धरा. विट्याला गाडी बदलायची आणि मायणीवरून वडूज गाठायचं. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खर्चाचं काही वाटत नाही. तासगाव सोडलं की द्राक्षबागा विरळ होतात, आणि मायणीच्या पुढे दोन्ही बाजूंना नुसती ज्वारी उभी दिसते. आम्ही जैन, मी कांदा-लसूण खात नाही, त्यामुळे बाहेरचं टाळते. डब्यात भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि दोन केळी होती. मायणीच्या आधी गाडी पाच मिनिटं थांबली, तिथे चहा घेतला.

विट्याला शेजारी एक पस्तिशीची बाई येऊन बसली. तिच्या नवऱ्याचं तमिळनाडूत सोनं गाळायचं दुकान होतं. सासू आजारी म्हणून ती गावी आली होती. कुठे निघालात विचारल्यावर मी सांगितलं, तर तिला तो माळ माहीत होता. "त्या बिनशाळंच्या पोरांकडं व्हय?" म्हणाली. मी खालमानेनं हो म्हटलं. मग तिनं आपलं सांगितलं. तिचा मुलगा तिकडच्या शाळेत सातवीला आहे, तमिळ आणि इंग्रजी फाडफाड वाचतो. "पर आजीनं धाडलेली चिठ्ठी न्हाई वाचता येत त्याला. मीच वाचून दावते." सातवीतल्या मुलाचंही तेच, हे ऐकून मला जरा बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

वडूजच्या स्टँडवर अभय मोटरसायकल घेऊन आले होते. तिथून सात-आठ किलोमीटर, शेवटचे दोन कच्चे. कंबर दुखणाऱ्यांनी रिक्षा करावी. आजूबाजूचे लोक त्या जागेला 'शाळेचा माळ' म्हणतात, शाळा नसताना. दगडमातीची आठ-नऊ घरं, मधोमध मोठी चूल, एक शेततळं आणि पुढे उतारावर बांधच बांध. पाहुण्यांनी आधी कळवून यायचं, दिवसाला जेवणासकट चारशे रुपये द्यायचे आणि रोज दोन तास कामाला हात लावायचा. मोबाईलला रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी. अंथरूण देतात, पण थंडी कडक असते, जाड शाल न्या. संध्याकाळचं जेवण दिवस मावळायच्या आत उरकतं. विजेच्या अडचणीमुळे त्यांनी तसं ठरवलंय, पण आम्हा जैनांकडे ही रीतच आहे, त्यामुळे मला घरच्यासारखं वाटलं.

पहिला दिवस सानूनं मला फिरवण्यात घालवला. तिची भाषा पार वडूजची झालीय. तिनं मला विहीर दाखवली. गाठी मारलेला दोर सोडून ती दर आठवड्याला पाणी मोजते, आणि भिंतीवर कोळशाने रेघ काढते. मागच्या जानेवारीपेक्षा यंदा पाणी दीड हात वर आहे, आणि ते कुठल्या बांधामुळे, हे तिनं मला उतारावर नेऊन समजावलं. दुधाची वाटणी तोंडी करते. सहा घरं, माणसं कमीजास्त, आज पाहुणे किती, सगळं धरून तिचा हिशेब माझ्याआधी झाला. मग बियाण्यांच्या खोलीत गेलो. ओळीने बरण्या, प्रत्येकीवर चिठ्ठी. मी सहज म्हटल्यासारखं एका चिठ्ठीवर बोट ठेवलं आणि हे काय लिहिलंय विचारलं. तिनं बरणी उचलली, कानाशी नेऊन हलवली आणि म्हणाली, "मटकी." चिठ्ठीकडे तिनं बघितलंही नाही.

मला रात्री झोप नीट आली नाही असं म्हणणार नाही, दमले होते, गाढ झोपले. पण सकाळी उठले ती ठरवूनच.

न्याहारीनंतर मोठी माणसं ज्वारीच्या रानात गेली. सानू शेळ्यांपाशी होती. मी तिला गोठ्यामागच्या मऊ मातीत बसवलं, काडी हातात दिली आणि 'स' काढून दाखवला. तुझ्या नावाचा आहे म्हटलं. तिनं एकदा काढला. दुसऱ्यांदा सांगितल्यावर ती म्हणाली, शेळ्यांना पाणी दावायचंय. मी म्हटलं, आधी पाच वेळा काढ, मग जा. तिनं माझ्याकडे बघितलं. माझा आवाज बदलला होता, तो मलाही ऐकू आला. मी तिचा हात धरून काडी फिरवली. पाच 'स' झाले. ती उठली आणि गेली, आणि दिवसभर माझ्याजवळ फिरकली नाही.

दुपारी मी आणि स्नेहल तूर निवडायला बसलो होतो. सानूनं तिला सांगितलं होतं. मला वाटलं स्नेहल चिडेल. ती चिडली नाही. सुपातले खडे काढत काढत तिनं विचारलं, "आई, मी दुसरीत तुझ्याच वर्गात होते, आठवतं?"

मी म्हटलं आठवतं की, पहिली आली होतीस.

मग तिनं सांगितलं. धडा वाचताना तिचा एक शब्द अडला. घरी तिला तो येत होता, पण वर्गात माझ्यासमोर अक्षरं पुसल्यासारखी झाली. बाईंची मुलगी म्हणून सवलत नाही, हे सगळ्यांना दिसावं म्हणून मी तिला बाकावर उभं केलं आणि तळहातावर दोन पट्ट्या मारल्या. ती मधल्या सुट्टीपर्यंत उभी होती. घरी आल्यावर मी तिला गरम भाकरी वाढली, आणि त्याबद्दल एक शब्द बोलले नाही. "मला पट्टीचं काही नाही वाटलं," ती म्हणाली. "मी वाट बघत होते, की घरी आल्यावर तू आई होशील."

मी म्हटलं, मला हे आठवत नाही. ते खरं होतं. पण बोलून गेल्यावर कळलं, की याहून वाईट मी दुसरं काही बोलू शकले नसते. स्नेहल सूप घेऊन आत गेली.

त्या संध्याकाळी मी अभयना सरळच विचारलं, पोर बाराव्या वर्षीही वाचली नाही तर काय करणार? त्यांनी मला उपदेश केला नाही. भीती त्यांनाही वाटते, म्हणाले. शेजारच्या वाडीतली गौरी तिसरीपर्यंत शाळेत जाऊन वाचत नव्हती, ती इथे दहाव्या वर्षी आपोआप वाचू लागली. आणि दुसरा एक मुलगा अकरा वर्षांचा आहे, तो अजून वाचत नाही. दोन्ही सांगितलं त्यांनी. त्यामुळे माझा त्यांच्यावरचा राग कमी झाला, काळजी मात्र तेवढीच राहिली.

तिसऱ्या दिवशी शनिवार. शनिवारी सकाळी कडुनिंबाखाली मुलांची सभा भरते. अकरा मुलं गोल करून बसतात, मोठ्यांनी मागे बसायचं आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही. ज्याला तक्रार असेल त्यानं मांडायची. सभा चालवायला चौदा वर्षांची गौरी होती, मांडीवर वही घेऊन. पुढच्या वर्षी ती बाहेरून दहावीला बसणार आहे. पहिला विषय मुरमुऱ्यांचा डबा कोण संपवतं हा होता. दुसरा विषय मी होते.

गौरीनं मला गोलात पुढे बोलावलं. "आजी, सानूचं म्हणनं हाय, की तिला न इचारता तुमी अक्षरं काढायला लावली. हात धरून. तुमचं काय म्हणनं हाय?"

एकतीस वर्षांत मुलांनी मला कधी जाब विचारला नव्हता. तोंडाशी सगळं आलं होतं, की मी तिच्या भल्यासाठी, की मी तिची आजी. मुलं शांतपणे बघत होती, रागाने नाही. सानू मातीत बोटाने रेघोट्या ओढत होती. मागे स्नेहल उभी होती.

मी म्हटलं, "लावली. तिला नको होतं हे मला दिसत होतं, तरी लावली. चुकलं माझं."

गौरी लिहायला लागली. मी तिथेच थांबायला हवं होतं, पण मला थांबवेना. "आणि हे मी पहिल्यांदा नाही केलं," मी म्हटलं. "सानूच्या आईला मी भर वर्गात बाकावर उभं केलं होतं. मारलं होतं. ती सानूपेक्षा लहान होती तेव्हा. काल तिनं सांगितल्यावर मी म्हटलं मला आठवत नाही. मला आठवत नाही, पण झालं असणार. तेही चुकलं."

गौरीनं वर बघून विचारलं, "ते बी वहीत लिहू?"

"लिही," मी म्हटलं. तिनं लिहिलं. मला उलटं दिसत होतं, 'चुकलं'चा उकार तिनं दीर्घ काढला होता. मी गप्प बसले.

मग गौरीनं सानूला विचारलं, आजीनं आता काय करावं. सानूनं विचार केला आणि म्हणाली, आजीनं मला रोज गोष्ट वाचून दाखवायची, पण बोट ठेवून विचारायचं नाही. सगळ्यांनी हात वर केले. मीही केला. पुढचा विषय अभयचा टॉवेल खाल्लेल्या शेळीचा होता, त्यावर माझ्यापेक्षा जास्त वेळ चर्चा झाली.

संध्याकाळी रानात हुरडा भाजला. माझ्यासाठी स्नेहलनं बिनलसणाची चटणी वेगळी वाटली होती. गरम कणसं ती तळहातावर चोळायची, फुंकून माझ्या हातावर द्यायची. मग एकदम म्हणाली, "मला वाटलं नव्हतं तू सगळ्यांसमोर बोलशील."

मी म्हटलं, केलं होतं ते सगळ्यांसमोरच. तिनं आणखी एक कणीस निखाऱ्यात खुपसलं आणि माझ्या खांद्याला टेकून बसली. चाळिशीची बाई आहे ती. इतकी जवळ ती कधी बसली होती, ते मला आठवेना.

चौथ्या दिवशी निघाले. जाण्याआधी विचारत असाल तर माझं मत सांगते, मी तिथे राहायला जाणार नाही, आणि तुमची मुलं शाळेतून काढा असंही म्हणणार नाही. वाचता येणं ही माझ्या लेखी अजूनही फार मोठी गोष्ट आहे. सानू वाचत नाही याची टोचणी मला रोज आहे. आता रोज मी तिला तिकडे टाकीपाशी फोन धरायला लावते आणि इथून गोष्ट वाचते. परवा तिनं विचारलं, की तू मधेच थांबतेस, ते पान संपलं म्हणून का. मी हो म्हटलं. तिनं पुढे काही विचारलं नाही, मीही विचारलं नाही.

सांगलीला आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मंडईत एक जण वाकून माझ्या पाया पडला. बारीक केस, ताठ चाल, लष्करातून सुट्टीवर आलेला. दत्ता, माझा जुना विद्यार्थी. मला अशी मुलं नेहमी भेटतात आणि नेहमी एकच म्हणतात. तोही म्हणाला, "बाई, तुमच्या छडीमुळं मी माणसात आलो."

हे ऐकून मी दरवेळी सुखावायचे. या वेळी विचारलं, "दत्ता, लागायचं का रे?"

तो हसला. सवयीनं 'न्हाई' म्हणायला तोंड उघडलं त्यानं. मग हसू ओसरलं. हातातली कोथिंबिरीची जुडी त्यानं पिशवीत ठेवली.

"लय लागायचं, बाई," तो म्हणाला.

मी पिशवी खाली ठेवली, आणि तो सांगत होता तोवर तिथेच उभी राहिले.