कुंदाकाकूंचं अख्खं वाक्य

“मला माहीत नाही ते आधी सांगते,” अशी सुरुवात केल्याशिवाय कुंदाकाकू कुणालाच उत्तर देत नसत. नागपुरात तीस वर्षं लहान मुलांची डॉक्टरकी करून त्या अमेरिकेत हर्नडनला मुलाकडे राहायला आल्या होत्या. आमच्या मराठी आईबापांच्या ईमेल-ग्रुपवर एका बोटाने टाइप करत त्या लसींबद्दलच्या शंकांना उत्तरं द्यायच्या. ग्रुप मी चालवत होते.

‘अनामिका’ या टोपणनावाची एक आई रोज तेच विचारायची, मुलाला गोवराची लस देऊ ना? मी वैतागायचे. काकू म्हणायच्या, “भिऊन राहिली ती. भिणाऱ्याला हसू नये पोरी.”

एकदा त्यांनी लिहिलं, “ऑटिझम कशाने होतो ते मला नीट माहीत नाही, पण या लसीने होतो, असा पुरावा शोधूनही सापडलेला नाही.” ‘जागरूक पालक’ नावाच्या कुणीतरी अर्धंच वाक्य उचललं आणि खाली लिहिलं, “बघा, डॉक्टरीणबाईंनाच माहीत नाही! औषध कंपनीची एजंट!”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. टोपणनावामागचा ईमेल मला दिसायचा. तो नितीन होता. रोज ऑफिसला माझ्याबरोबर कारपूल करणारा. त्याच्या मुलीच्या तापात काकू दोन दिवस त्याच्या घरी बसून होत्या.

“काकू, मी नाव टाकते त्याचं. बदनाम करतोय तो तुम्हाला!”

“नाही. माझं अख्खं वाक्य टाक पुन्हा, बस. लोक तुझ्या भरवशावर टोपणनावानं लिहितात.”

मी ऐकलं नाही. नाव टाकलं, वर ऑफिसही टाकलं. चारशे घरांत गेलं ते. नितीनने कारपूल सोडलं. मराठी मंडळाच्या पॉटलक जेवणाला त्याच्या टेबलावर कुणी बसेना, तेव्हा मी मुद्दाम समोर जाऊन बसले आणि चवीने जेवले. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

त्याच आठवड्यात अनामिका ग्रुप सोडून गेली. तिची शेवटची ओळ होती, “सोमवारची अपॉइंटमेंट घेतलीय काकू. जाऊ ना?” काकूंनी “जा” लिहिलं, तोवर ती नव्हती.

“नितीनच्या खोट्याला माझ्याजवळ उत्तर होतं,” काकू म्हणाल्या. “तू जे केलं, त्याला काय उत्तर देऊ?”

“तिचा ईमेल आहे माझ्याकडे. शोधून काढते.”

“पुन्हा तेच करून राहिली तू?”

पुढे काकू नागपूरला परतल्या. दर फोनला विचारायच्या, “त्या पोरीचं काही आलं?” मी “नाही” म्हणायचे. मग एके दिवशी फोन आला तो त्यांच्या मुलाचा, काकू गेल्याचा.

नितीनचं मला आजही काडीचं वाईट वाटत नाही. अनामिकाचा ईमेल-पत्ता अजून माझ्यापाशी आहे. तो मी कधी उघडून पाहिला नाही. काकूंचं तेवढं एकच ऐकलं, तेही उशिरा.