बहिणीला नीटनेटकी नेली, तर म्हणे ती बरी हाय

साहेबासमोर माणूस घाणेरडं न्यायचं असतंय का, सांगा कोणीतरी!

माझ्या धाकट्या बहिणीला, शोभाला, डोक्याचा आजार हाय, कोणी बोलल्यागत कानात आवाज येतेत. न्हाऊ घातल्याशिवाय न्हात न्हाई, भरवल्याशिवाय खात न्हाई. अपंगाच्या सर्टिफिकेटसाठी तिला लातूरला डॉक्टरांपुढं नेलं. चार लोकांत जायचं म्हणून मीच आंघोळ घातली, वेणी घातली, नाव-गाव पाठ करून घेतलं. तिनं बी पटापट सांगितलं. कागद आला, अपंगत्वाचे टक्के कमी. तेवढ्यात सरकारच्या निराधार योजनेचा पगार बसत न्हाई.

आज उदगीरहून एष्टीनं परत लातूरच्या दवाखान्यात जाऊन भांडले. खिडकीवरचा बाबू म्हणला, "मावशी, त्या तर चांगल्या नीटनेटक्या होत्या की."

"अरे बाबा, नीटनेटकी मी केली! तिची वेणी कोण घालतंय ते विचारलंस का?"

"मग फेरतपासणीचा अर्ज द्या. मंगळवारी घेऊन या त्यांना."

अर्ज दिला, पर डोकंच चालंना. तशीच नेली तर लोक म्हणतेल बहिणीला सांभाळत न्हाई. नीट नेली तर डॉक्टर म्हणतेत बरी हाय. मी मेल्यावर तिला कोण बघणार, हे त्यांना कसं दाखवू?

ग्रुपमधी ज्यांच्या घरी असं माणूस हाय, त्यांनी सोमवारच्या आत सांगा. मंगळवारी आंघोळ घालू का नको?