डाव्या खांद्याचा कापूस

आमच्या ताईच्या अंगावर विकतचा कपडा मी कधी पाहिला नाही. रेडिमेडच्या दुकानासमोर ती थांबायची, ती फक्त शिवण तपासायला. काचेतल्या ड्रेसकडं बघून "काखेत ओढतोय बघ," असं मोठ्यानं म्हणायची आणि आतला दुकानदार आमच्याकडं खाऊ की गिळू असं बघायचा. मला सुईत दोरा ओवायचाही कंटाळा. पण बहीण अशी असल्यावर हवेत कशाला ते कष्ट? ती शिवायची, मी घालून मिरवायची.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. ताई पेठ वडगावला मुलींचा शिवणक्लास घ्यायची. कोल्हापूरहून रोज सकाळी मोपेडवर जायची आणि थंडीत पार गारठून जायची. बाजारातली जाकिटं सगळी बाप्यांच्या मापाची. तिला कॉलरचं, अंगाबरोबर बसणारं जाकीट हवं होतं. ब्लाउज, फ्रॉक, बाबासूट यांची पेपर कटिंग तिच्याकडं गठ्ठ्यानं होती. कोटाचं एकही नव्हतं. घरात कोट एकच, वडिलांच्या लग्नातला. तो उसवून एकेक तुकडा कागदावर उतरवायचा, असं तिनं ठरवलं.

आता वडिलांचा कोट म्हणजे चेष्टा नव्हती. अण्णा गुळाच्या बाजारात हमाल होते. पोरवयापासून गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, खांद्यावरून वाहत आलेले. वर्षभर बंडी आणि पायजमा, पण एप्रिलमध्ये जयंतीच्या मिरवणुकीला तो निळा कोट बाहेर निघायचा. आमच्या बौद्ध वस्तीत त्या दिवशी रस्त्यावरचं डांबर वितळलं तरी कोट घातलेला माणूस तो काढत नसे. आई तर ऐकूनच उखडली. "आन् परत न्हाय जमला तर? बंडीवर जाऊदे व्हय त्येनी मिरवणुकीत?"

अण्णा एवढंच म्हणाले, "उसव की. पर जयंतीला माझ्या अंगावर पायजे."

ताईनं जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून कोट टाका टाका करून सोडवला. क्लासच्या मुलींना ती नेहमी दटावायची, की पहिल्या खेपेला कटिंगमध्ये आपला शहाणपणा घालायचा नाही, जसं हाय तसं उतरवायचं. तोच नियम तिनं स्वतःला लावला, मापं तेवढी आपली घेतली. खांद्यांतल्या कापसाच्या गाद्या निघाल्या, त्यातली उजवी पातळ आणि डावी चांगली दुप्पट जाड. तिनं आपल्या जाकिटात तशाच नव्या करून घातल्या.

राखाडी लोकरीचं ते जाकीट फार देखणं झालं. कॉलर तर अशी बसली होती की मी हात फिरवतच राहिले. पण ताईनं ते अंगात घातलं आणि डावा खांदा आपला वरच. मी हसून हसून लोळले. आई म्हणाली, "त्या टेलरानंच चूक केलीया, दुसरं काय."

ताई हसली नाही. संध्याकाळी अण्णा आले, बंडी काढून मोरीवर हातपाय धुवायला बसले. ती त्यांच्या पाठीकडं बघत होती, म्हणून मीही बघितलं. डावा खांदा उजव्यापेक्षा चांगला दोन बोटं खाली होता. जन्मभर ती पाठ बघत आलो आणि आम्हाला ते दिसलं नव्हतं. लग्नाच्या फोटोत मात्र अण्णा पट्टीसारखे सरळ उभे आहेत. कुठल्याशा टेलरनं नवऱ्या मुलाला न दुखवता ती दोन बोटं कापसानं भरून काढली होती. त्या न पाहिलेल्या माणसाचे पाय धरावेत असं मला वाटलं.

जेवायला बसताना अण्णांची नजर गाद्यांवर गेली. "ह्ये एक जाड, एक बारीक कशानं ग?"

"जुना कापूस हाय अण्णा. एका बाजूनं दबलाय," ताई म्हणाली.

"व्हय?" म्हणून अण्णांनी भाकरी मोडली.

तिनं स्वतःची डावी गादी पातळ केली आणि अण्णांचा कोट जसा होता तसा उभा केला. जयंतीला ते लेझमाच्या मागं ताठ चालत होते. कोट कधी उसवला होता, हे सांगूनही कुणाला पटलं नसतं. इकडं क्लासमधल्या मुलींनी ताईचं जाकीट बघून कटिंग मागून नेलं. पुढं कितीतरी थंड्या वडगावच्या पोरी आमच्या अण्णांच्या कोटात हिंडल्या आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

ताईचं लग्न झालं, तरी दर मार्चला ती माहेरी यायची. "अस्तर बघते," म्हणायची आणि डाव्या गादीत कापसाचा एक थर वाढवायची, कारण वयाबरोबर खांदा उतरतच चालला होता. हे तिनं फक्त मला सांगितलं होतं. "अण्णास्नी कशाला बोलायचं? ताठ चालू देत की."

अण्णांनी हमाली सोडली त्या वर्षीही ती आली. कोट मांडीवर घेतला, कात्रीचं टोक अस्तरात घातलं. अण्णा खाटेवर पेपर वाचत होते. पेपर तोंडासमोरून न हलवताच म्हणाले,

"बाई, यंदा कापूस जरा जास्त घाल. लईच उतरलाय."

ताईनं वर बघितलं नाही. "घालते की, अण्णा," म्हणाली आणि पहिला टाका तोडला.