साडूची सही

कुलपाची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी फौज घेऊन किल्ल्यावर चालून आलोय, असाच त्याचा समज झाला असावा. मी नुसता पासवर्ड विसरलो होतो. ऑफिसच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीचं दार त्याने चार बोटं उघडलं, माझं ओळखपत्र मागितलं आणि ते दिव्यासमोर धरून असं न्याहाळलं, की चाटून बघायचंच काय ते बाकी राहिलं. मग माझ्या पहिल्या शाळेचं नाव विचारलं आणि नवा पासवर्ड टाइप करताना मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं.

"अहो, पासवर्ड माझाच आहे ना?"

"म्हणूनच. तुम्ही तो कागदावर लिहाल."

मी खरोखरच लिहिणार होतो. त्याच दिवशी मला कळलं, सगळं ऑफिस याला कुलूप का म्हणतं ते.

आमच्या कंपनीचे संगणक त्याने वीस वर्षं सांभाळले. कीबोर्डखाली चिकटवलेल्या पासवर्डच्या चिठ्ठ्या तो उवा वेचाव्यात तशा वेचायचा. चोर एकदाही आत शिरला नाही. दुखणं शिरलं ते घरच्या दाराने, साडूच्या रूपाने.

साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. दहा वर्षांनी लहान, त्याच धंद्यात, आणि त्याच्याकडे 'ते' प्रमाणपत्र! सायबरसुरक्षेतलं सगळ्यात मानाचं, नावापुढे चार अक्षरं लावायची मुभा देणारं. साडूने ती मेलखाली लावली, कार्डावर लावली, दाराच्या पाटीवर लावली. सासूबाईंनी तर प्रमाणपत्राची प्रत चौकटीत घालून आपल्या हॉलमध्ये टांगली. नेमकी कुलपाच्या खुर्चीसमोर.

"सासऱ्यांचा फोटो पोस्टकार्डाएवढा," तो मला सांगायचा, "आणि याचा कागद खिडकीएवढा! दर रविवारी घास घशात अडकतो."

वर सासूबाई विचारायच्या, "जावईबापू, तुम्ही काय करता हो ऑफिसात?"

"हे साडूभाऊ करतात तेच."

"हो, पण यांचं लिहून आलंय."

हे 'लिहून आलंय' कुलपाच्या इतकं जिव्हारी लागलं, की एकोणपन्नासाव्या वर्षी तो परीक्षेला बसला. आठ महिने विटेएवढं पुस्तक घेऊन हिंडला. "मेले चारही उत्तरं बरोबर देतात आणि वर विचारतात, सगळ्यात बरोबर कोणतं!" पण पठ्ठ्या पहिल्या फटक्यात पास झाला. त्याच संध्याकाळी चौकटवाल्याकडे जाऊन त्याने माप दिलं. साडूच्या चौकटीपेक्षा दोन इंच मोठं.

मग पत्र आलं. आपण उत्तीर्ण आहात, मात्र प्रमाणपत्र मिळण्यासाठी नऊ महिन्यांच्या आत एखाद्या प्रमाणपत्रधारकाने सही करून सांगावं, की या गृहस्थांचा अनुभव खरा आहे आणि हे प्रामाणिक आहेत.

कुलपाच्या ओळखीत असा धारक एकच.

"मग विचार की त्याला," मी म्हणालो. "दोन मिनिटांचं काम."

"आणि जन्मभर ऐकू? 'साडूभाऊंच्या प्रामाणिकपणाची हमी मी दिली!' त्यापेक्षा हा जिना झाडीन."

त्याने अनोळखी धारकांना मेल पाठवायला सुरुवात केली. एकाचंही उत्तर आलं नाही. येणार कसं? अनोळखी माणसाचा, घाईचा, सही मागणारा मेल उघडू नये, हे कुलूपच वीस वर्षं आम्हाला बजावत आला होता. ती माणसंही त्याच मुशीतली. एकाने तर त्याची फसवणुकीची तक्रार केली.

मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात त्याची बायको म्हणाली, "अहो, तो काय खाणार आहे का तुम्हाला? विचारा!" तेव्हा कुठे रविवारी, सासूबाईंच्या स्वयंपाकघरात, नाक मुठीत धरून त्याने साडूला विचारलं. साडूने हळूच दार लोटलं.

"साडूभाऊ, माझंच बाद झालंय हो. दर तीन वर्षांनी अभ्यासाचे तास भरून दाखवावे लागतात. माझे राहून गेले. आता माझी सही चालत नाही."

"कधी बाद झालं?"

"गेल्या महिन्यात. आठ महिने काय करत होतात तुम्ही? मी आनंदाने केली असती सही." मग आवाज आणखी खाली आणून, "सासूबाईंना मात्र सांगू नका."

कुलूप बाहेर येऊन आपल्या खुर्चीत बसला. समोरच्या बाद कागदाकडे बघत तो पोटभर जेवला, दोनदा वाढून घेतलं. सासूबाईंना त्याने काहीही सांगितलं नाही.

मंगळवारी मुदत संपली आणि त्याचा निकाल रद्द झाला. पुन्हा तो परीक्षेला बसला नाही. दोन इंच मोठी चौकट जिन्याखालच्या खोलीत आहे. तिच्यात, आग लागल्यास काय करावे, याच्या सूचना लावल्या आहेत.