चपला काढायची जागा
डिझेल आणि ओल्या दोराचा वास आला की मला धरणातली ती लाँच आठवते. लातूर जिल्हा नवा झाला होता, त्यात दुष्काळ, आणि पलीकडच्या काठावरची बस गाठायची तर लाँचशिवाय सोय नव्हती. धरणाच्या मध्यावर आलं की लाँचवाला इंजिन बंद करायचा आणि सगळे चपला काढून हात जोडायचे, कारण खाली बुडालेल्या गावातलं महादेवाचं देऊळ होतं. ते गाव माझ्या सासूबाईंचं माहेर. मी नवी सून, मला हसू यायचं. दिसायचं नुसतं पाणी. एके दिवशी इंजिन बंद झालं आणि लाँचच्या कुशीला काहीतरी करकरून घासलं. लाँच एका अंगाला कलली, बाया ओरडल्या. "कुणी हलू नका! पाणी लई उतरलंय," लाँचवाला म्हणाला. सासूबाईंनी मात्र वाकून कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. "शिवा शिवा, कळस हाय," त्या हळूच म्हणाल्या. "हात लाव, सूनबाई." मी लावला. शेवाळाखाली गार, गोल दगड होता. लहानपणी त्या मान वर करून ज्याच्याकडं बघायच्या, तो आता आमच्या हाताखाली होता. लाँचवाल्यानं बांबूनं रेटून लाँच मोकळी केली, तरी काठ येईपर्यंत कुणी चपला घातल्या नाहीत. परवा एका तलावात नातवाबरोबर बोटीत बसले आणि आधी चपला काढल्या. "आजी, इथं खाली काय आहे?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "कुणी बघितलंय?"