आठव्या घराचा गेरू

पुण्याहून निघताना पिशवीत दोन वह्या आणि सहा पेन्सिली होत्या, आणि डोक्यात नेहमीप्रमाणे शंका होत्या. एका चित्रकला विद्यालयात मी संकल्पचित्र शिकवत असे. त्या वर्षी 'मेळ' हा धडा माझ्या वाट्याला आला होता. रेषा, रंग आणि आकार एकमेकांशी भांडत नाहीत तेव्हा चित्रात मेळ येतो, असं मी मुलांना सांगायचो आणि मुलं ते वहीत उतरवून घ्यायची. आमच्याच विद्यालयातले कुलकर्णी मास्तर म्हणाले, "भंडाऱ्याकडे वैनगंगेकाठी एका गावात आठ घरांची गल्ली आहे. तसा मेळ तुमच्या पुस्तकात सापडायचा नाही." कुलकर्णी फुगवून सांगण्यात पटाईत. त्यांच्या गावच्या विहिरीत हत्ती पोहतात असंही ते सांगत. पण दिवाळीची सुट्टी संपत आली होती आणि धड्याला उदाहरण हवं होतं. प्राचार्यांनी वर चार दिवसांची रजा दिली, ती एका अटीवर: चित्रं आणून दाखवायची.

नागपूरहून एसटीने भंडाऱ्याला पोचलो. उतरल्यावर पिशवी दोनदा उघडून पाहिली, कारण शेजारचा प्रवासी वाटभर फारच प्रेमाने बोलत होता. काही गेलं नव्हतं. नदीवरचा पूल ओलांडून कारध्याला आलो आणि पुढच्या गाडीची वाट पाहत एका टपरीवर बसलो. नदी रुंद, संथ आणि बरीचशी वाळूत पसरलेली होती. दुपारची जेवणाची वेळ होती. टपरीवाल्याने भात आणि लाखोळीचं वरण पुढे केलं. लाखोळी (ओल्या शेतात धान उभं असतानाच फेकून पेरतात ते कडधान्य) खाल्ली की माणसाचे पाय लुळे पडतात, असं मी कुठेतरी वाचलं होतं. मी ताट परत केलं आणि केळी मागितली.

"खात नाई का जी?" त्याने विचारलं. "सारा जिल्हा खाते. पाहा, मी उभा हाये."

मी हसलो, पण केळीच खाल्ली. मग मी कुठे चाललोय ते त्याने विचारलं. गावाचं नाव ऐकताच तो ताट पुसायचा थांबला.

"मोजणीवाले व्हय?"

"नाही. चित्रकलेचा मास्तर आहे."

"मास्तर तिकडं कायले जाते?" असं म्हणून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. पुढे माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

त्या वर्षांत नदीवर खालच्या अंगाला मोठं धरण होणार, अशी बोलणी जोरात चालली होती. कोणतं गाव बुडणार आणि कोणतं राहणार हे कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. त्यामुळे वही बाळगणाऱ्या प्रत्येक माणसाकडे लोक नीट निरखून बघत. वहीची ही भीती मला नंतर कळली. तेव्हा वाटलं, टपरीवाला केळ्यांवरून रागावला.

गावाचं नाव लिहीत नाही. ते गाव आता त्या जागी नाही, पण न सांगण्याची सवय लागली आहे.

गाडीने फाट्यावर सोडलं तिथून दोन मैल चालत गेलो. दोन्ही बाजूंना धान कापून झालेल्या बांध्या (बांध घातलेले शेताचे तुकडे), मधूनमधून पुंजणे (कापलेल्या धानाचे ढीग), आणि गावालगत एक बोडी (लहान तलाव). बोडीला वळसा घातला आणि गल्ली समोर आली.

मी जागीच थांबलो. कबूल करतो, मला मनापासून आनंद झाला. पांढऱ्या मातीने पोतलेल्या भिंती, वर कवेलू (कौलं), आणि एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर सरळ चालत गेलेला गेरूचा रुंद पट्टा. घरं लहानमोठी, दारं निरनिराळ्या मापांची, कुठे ओटा उंच तर कुठे बसका. तरी त्या पट्ट्याने सगळी घरं एका कुटुंबातली वाटत होती. कुलकर्णी या एका बाबतीत खरं बोलले होते.

आणि लगेच मनात पाल चुकचुकली. आमच्या इमारतीत फाटकाला कोणता रंग द्यावा यावर दोन बिऱ्हाडांचं वर्षभर जमलं नव्हतं. इथे घरोघरच्या बायकांचं कसं जमलं? दुसरं म्हणजे, गेरू भिंतीच्या पायाशी लावतात. पावसाचा चिखल उडतो तिथे. हा पट्टा छातीएवढ्या उंचीवर होता. तिथे तो लावायला काहीच कारण दिसेना. त्यात शेवटचं, आठवं घर कोरं पांढरं. पट्टा सातव्या घराशी संपत होता, आणि आठव्याच्या भिंतीवर दाराशेजारी डांबराने काढलेला एक आकडा होता. सगळी गल्ली सुरात आणि हे एकच घर बेसूर. कुठेतरी पाणी मुरत होतं.

मी हात लांब केला, एक डोळा मिटला आणि पेन्सिलीने मापं घेऊ लागलो. चित्रकार असंच करतात. पण ते गल्लीला कोण सांगणार? पहिलं दार लागलं, मग दुसरं. तांदूळ निवडणारी बाई सूप घेऊन आत गेली. पहिल्या घराच्या ओट्यावरचा म्हातारा तेवढा बसून राहिला. त्याचं नाव भुराजी, हे पुढे कळलं.

"कायले मापून राहिले जी?"

"चित्र काढतोय, बाबा. तुमची घरं छान आहेत."

"छान हायेत म्हनून आजवर कोनी मापले नाईत," भुराजी म्हणाले. पाणी मात्र त्यांनी दिलं. पाणी देतानाही नजर वहीवरच होती.

पाणी पिता पिता मी भिंतीशी वाकलो. गेरूखाली काहीतरी काळं फुटून वर येत होतं. डांबर मातीच्या रंगाखाली दडत नाही. कितीही हात मारले तरी डाग वर येतो. पुढच्या भिंतीवर पाहिलं, तिथेही तसाच डाग, त्याच उंचीवर. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. धरणाच्या मोजणीवाल्यांनी उभ्याने जिथे घरांचे आकडे मारले, तिथेच पट्टा आला होता. मी ज्याला मेळ म्हणत होतो तो नंबर झाकायचा उद्योग होता.

"याच्या खाली नंबर आहेत ना?" मी मोठ्याने विचारलं. स्वतःच्या हुशारीवर मी खूश होतो, लपवत नाही.

आठव्या घरातून एक बाई बाहेर आली. पन्नाशीची, कोपरापर्यंत हात मातीने भरलेले. गल्लीतल्या सगळ्या भिंती तीच पोतायची. गेरूही एकाच घमेल्यातला, तिच्याच हाताचा. म्हणूनच रंगात कुठे फरक नव्हता. तिचं नाव अनसूयाबाई.

"हायेत," ती म्हणाली. "लिहा आन द्या नेऊन."

"मी मास्तर आहे, बाई. खरंच."

"मास्तर असाल तं काढून दाखवा."

मी खाली बसलो आणि काढू लागलो. हळूहळू दारं उघडली, मागे माणसं जमली. अर्ध्या तासात गल्ली कागदावर उतरली. अनसूयाबाईने कागद हातात घेतला, शेवटच्या घराशी बोट नेलं आणि म्हणाली, "हे खोटं हाये."

मी पाहिलं. आठव्या घरावरही मी पट्टा ओढला होता आणि आकडा गाळला होता. वर्षानुवर्षं मुलांची चित्रं दुरुस्त करणारा हात, त्याने आपोआप मेळ पुरा केला होता. वाटभर मी सगळ्यांना लबाड समजत आलो, आणि लबाडी निघाली ती माझ्याच वहीत.

"पण तुम्ही सगळ्यांची घरं झाकलीत," मी विचारलं, "मग स्वतःचंच उघडं का ठेवलं?"

"एकही नंबर दिसला नाई तं साहेब म्हनते, गावानं पुसले. मंग पुन्हा मारते. एक दिसला की त्याले वाटते, आपल्याच मानसानं बाकीचे करायचे ईसरले. मंग तो आपल्याच मानसावर चिडते, कागद वापस जाते, मोजणी लांबते." ती सरळ सांगत होती. "एक तं दिसूच द्या लागते. पोतनारी मी. दुसऱ्याचं कसं ठेवू?"

"तुमचं घर गेलं तर?"

तिने भिंतीवरून हात फिरवला. "सासऱ्यानं भिंती घातल्या, कवेलू मी चढवले," एवढंच म्हणाली.

मला राहवलं नाही. "बाई, नंबर त्यांच्या वहीतही असतो. भिंत झाकून काय होणार?"

"वही त्यायची," अनसूयाबाई म्हणाली. "भिंत आमची."

मग तिने कागद पुढे धरला. "हा कोनाले दाखवान?"

"वर्गातल्या मुलांना."

"त्या पोरायचे बाप कुठं कामाले जाते?"

वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील कुठल्या ना कुठल्या सरकारी कचेरीत होते. माझ्यापेक्षा पक्की शंकेखोर बाई मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि तिची शंका रास्त होती. वहीतली मापांची पानंही मी फाडली आणि चित्रासकट तिच्या हातात दिली. तिने ती आत नेऊन चुलीत सारली. चुलीवर भात शिजत होता.

"जेवून जा जी," ती म्हणाली.

ओट्यावर ताट आलं. भात, आणि वर लाखोळीचं वरण. मी दोनदा मागून घेतलं. पायांना अजून तरी काही झालेलं नाही.

पुण्याला परतल्यावर प्राचार्यांनी खोलीत बोलावलं. कुलकर्णीही तिथेच बसले होते, मोठ्या उत्सुकतेने. प्राचार्यांनी माझी वही चाळली, फाडलेल्या पानांच्या कडेवरून बोट फिरवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी चांगली ओळखत होतो. जन्मभर ती मीच इतरांवर रोखली होती.

"चार दिवसांत एकही चित्र नाही?"

"काढण्यासारखं काही नव्हतं, सर," मी म्हणालो. "ऐकीव गोष्ट. एका घराचा दुसऱ्याशी मेळ नाही. पट्टाबिट्टा काही नाही."

"अहो, मी स्वतः पाहिलाय!" कुलकर्णी उठून उभे राहिले. "छातीएवढ्या उंचीवर, गेरूचा..."

"तुम्ही फुगवून सांगता, कुलकर्णी," मी म्हणालो.

प्राचार्य हसले आणि वही परत दिली. कुलकर्णी माझ्याकडे बघतच राहिले. बिचारा माणूस, आयुष्यात एकदाच अक्षर न् अक्षर खरं बोलला होता. मी वही काखेत मारली आणि तासाला गेलो.